शेजारचा तुकडा

डॉक्टरबाईंनी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला, रिपोर्टच्या खालच्या ओळीत ‘प्रथिन आढळले नाही’ असं लिहून सही केली आणि जेवणाचा डबा पुढे ओढला.

“पाठवू वर?” रंगारीनं विचारलं.

“पाठवा. सर दुपारी त्या बाईंना बोलावणार आहेत.”

रंगारी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पेशींच्या चकत्या काचेवर चढवायच्या आणि त्यांना रंग द्यायचा, हे त्याचं काम. म्हणून सगळं इस्पितळ त्याला रंगारी म्हणे, आणि आपलं खरं नाव कुणी पुकारलं तर तो स्वतःच आधी मागे वळून बघे. आज त्याला सर्दीनं पार बेजार केलं होतं. एका हातानं नाक पुसत आणि दुसऱ्या हातात रिपोर्ट धरून तो जिन्याकडे गेला.

डॉक्टरबाईंनी पहिला घास घेतला, पण जेवणात काही मन लागेना. वरच्या मजल्यावरचे औषधवाले सर त्या बाईंना आज काय सांगणार हे त्यांना ठाऊक होतं. नवं औषध तुम्हाला लागू पडणार नाही, दुसरं काहीतरी बघू. त्या ‘दुसऱ्या काहीतरी’त फारसा दम नाही हे सरांनाही ठाऊक होतं. बाईंबद्दल डॉक्टरबाईंना माहीत होतं ते एवढंच की त्या पोहायला शिकवतात आणि त्यांच्या पोटातून काढलेले दोन तुकडे तांदळाच्या दाण्याएवढे होते. पोहायला शिकवतात हे चिठ्ठीवर कुणीतरी उगाच लिहिलं होतं. लिहायला नको होतं, असं डॉक्टरबाईंना सकाळपासून वाटत होतं. नुसता नंबर असला की सही करताना हात जड होत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. त्यांची आणि डॉक्टरबाईंची कॉलेजपासूनची मैत्री, त्यामुळे बोलणं सगळं अरेतुरेचं.

“ऐक, तुझा कंट्रोल जिना उतरतोय.”

“कोण?”

“अगं, ज्याचं पोट तू इतकी वर्षं चकत्या करकरून वापरतेस, तो माणूस. शिंपीकाका. आज तपासणीला आले होते, एकदम ठणठणीत. म्हणाले, माझं पोट खाली कुणी बघितलं त्यांचे आभार मानायचे राहिलेत. मी म्हटलं, जा की मग. घाबरू नको, फार बोलतात, पण गोड आहेत.”

डॉक्टरबाईंनी डबा बंद केला आणि उगाचच केस सारखे केले.

कंट्रोलचं असं असतं. गाठीच्या पेशींमध्ये एखादं प्रथिन आहे की नाही हे बघायचं, तर त्या चकतीला असा रंग द्यायचा की प्रथिन असेल तिथे तपकिरी दिसावं आणि बाकी सगळं निळं राहावं. पण सगळंच निळं दिसलं तर काय समजायचं? प्रथिन नाही, की रंगच चढला नाही? म्हणून त्याच काचेच्या उजव्या कडेला आणखी एक चकती बसवतात, जिच्यात ते प्रथिन आहे हे आधीपासून पक्कं ठाऊक असतं. ती तपकिरी झाली की डावीकडच्या रुग्णाच्या चकतीवर विश्वास ठेवायचा. तीही निळीच राहिली तर त्या काचेची साक्षच धरायची नाही.

या प्रयोगशाळेत ती उजवीकडची चकती नेहमी एकाच पोटातली असे. पोटाच्या कर्करोगात इतकं लख्ख तपकिरी उमटणारं दुसरं पोट डॉक्टरबाईंना सापडलंच नव्हतं. मेणाच्या छोट्या विटेत ते जपून ठेवलेलं होतं आणि रंगारी त्याच्या कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ चकत्या काढी. सख्ख्या दिराचं तोंड बघितलं नसेल इतक्या वेळा डॉक्टरबाईंनी तो तुकडा बघितला होता. त्याच्या कडेला एक खाच होती, मधे पानासारखी नक्षी होती. कितीतरी दिवस असे गेले होते की सगळ्या रिपोर्टांत वाईटच लिहायचं असे, आणि तेव्हा तो तुकडा तेवढा उजळ तपकिरी दिसून धीर देऊन जाई. त्या तुकड्यावर त्यांचा जीव होता. त्यामागचा माणूस जिवंत असेल का, हा विचार मात्र त्यांनी मुद्दाम कधी केला नव्हता.

दार खांद्यानं ढकलत शिंपीकाका आत आले. दोन्ही हातांत इस्त्री केलेला पांढरा कोट, हँगरसकट, त्याला जमिनीचा वारा लागू नये असा उंच धरलेला. माणूस काटकुळा, मिशी मात्र भरघोस. पँटच्या कमरेला दोन्ही बाजूंना शिवणीच्या जुन्या, पुसट रेघा दिसत होत्या. कधीतरी टीप मारून नंतर उसवल्याच्या.

“डॉक्टरबाई तुम्हीच ना?”

“हो. या काका, बसा.”

“बसतो मग. आधी हा घालून बघा. माप घ्यायला तुम्ही कुठे भेटलात? डॉक्टरसाहेबांना विचारलं, बाई केवढ्या आहेत, तर ते म्हणाले माझ्या कानापर्यंत येतात. आता कानाच्या मापावर कोट बेतायचा म्हणजे बघा. म्हणून बगलेत आणि पाठीत माया भरपूर ठेवलीय. घट्ट झाला तर उसवता येईल.”

डॉक्टरबाईंनी आपला जुना, खिशाला शाईचे डाग पडलेला कोट काढून खुर्चीवर टाकला आणि नवा चढवला. खांद्यांवर तो असा बसला, जणू काका रोज त्यांना येता-जाता बघत होते.

“काका, अहो कशाला एवढं?”

“कशाला म्हणजे? माझं पोट काढलं तेव्हा सगळे म्हणाले, शिंपी गेला. माझी बहीण तर आधीच रडून मोकळी झाली. मग डॉक्टरसाहेब म्हणाले, खाली एक बाई बसतात, त्यांनी तुमच्या पेशी बघितल्या आणि लिहून दिलं की या अजून मरायचं विसरलेल्या नाहीत, यांना औषध लागू पडेल. ते वाक्य मी पाठ करून ठेवलंय. अर्थ नाही कळला, पण पाठ आहे.” त्यांनी खिशातून बिस्किट काढून त्याचा एक कोपरा मोडून तोंडात टाकला. “माफ करा हं. मला थोडं थोडं सारखं खावं लागतं. जन्मभर पोटासाठी मशीन चालवलं, आता पोटच नाही तरी पाय थांबत नाहीत.”

डॉक्टरबाई मोठ्यानं हसल्या. या खोलीत असं हसू फारसं ऐकू येत नसे, त्यामुळे वरून परत आलेला रंगारी दारातच थबकला.

“अहो रंगारी, हे बघा कोण आलंय. आपला कंट्रोल.”

रंगारीनं आधी काकांकडे बघितलं, मग फडताळातल्या मेणाच्या विटांकडे, आणि त्यानं नमस्कार केला.

“कंट्रोल म्हणजे?” काकांनी विचारलं.

आता ते सांगणं आलं. डॉक्टरबाई विद्यार्थ्यांना हे दर वर्षी शिकवत, पण तिथे फळा असतो, आकृत्या असतात. इथे त्या जरा अडखळल्या.

“असं बघा काका, आपल्या प्रत्येक पेशीत मरायची सोय आतच करून ठेवलेली असते. पेशी जुनी झाली, बिघडली, की आतली काही प्रथिनं जागी होतात आणि पेशी आपली आपण आवरून घेते. गुपचूप. शेजारणीला कळतही नाही. पोटाच्या अस्तरात तर हे रोज चालू असतं.”

“रोज?”

“रोज. आत्ता बोलतोय तेव्हासुद्धा. कर्करोगाच्या पेशीत ही प्रथिनं नाहीशी होतात, नाहीतर दुसरी प्रथिनं त्यांचं तोंड दाबून धरतात. मग ती पेशी मरतच नाही, नुसती वाढत सुटते. तुमच्या गाठीत ती मरणाची प्रथिनं शाबूत होती. भरपूर. औषधानं त्यांना फक्त जागं केलं. म्हणून त्या गाठीचा एक तुकडा आम्ही इथे कंट्रोल म्हणून जपलाय.”

काकांनी बिस्किटाचा दुसरा कोपरा हातातच धरून ठेवला.

“म्हणजे मी जगलो तो आतलं मरण शाबूत होतं म्हणून.”

“असंच म्हणायला हवं.”

“कमाल आहे.” त्यांनी फडताळाकडे बघितलं. “आणि ते तुम्ही ठेवून दिलंय?”

डॉक्टरबाई सावध झाल्या. “तेव्हा तुमची संमती घेतली होती काका. शिकण्या-शिकवण्यासाठी वापरू म्हणून.”

“ते हो. सही केली असेल, तेव्हा मी कशावरही सही केली असती. तसं नाही म्हणत मी. आमच्यात उरलेलं कापड गिऱ्हाईकाला परत द्यायची रीत आहे, एवढंच.” मिशीतल्या मिशीत ते हसत होते. “परत नको मला ते. घरात ठेवू कुठे? पण एकदा बघायला मिळेल का?”

मागितलं ते इतकं साधं होतं की डॉक्टरबाईंना वाटलं, हे आपणच का नाही सुचवलं. मायक्रोस्कोपच्या शेजारी सकाळच्या स्लाइड होत्या. त्यातली सगळ्यात वरची, मघाशी सही केली तीच, त्यांनी उचलली. काचेवर नुसता नंबर होता, नाव नव्हतं. त्यात काही अडचण नव्हती. काच सरकवून त्यांनी उजवी कड भिंगाखाली आणली आणि खुर्ची काकांना दिली.

“एक डोळा मिटलात तरी चालेल. ती जी चकती दिसतेय ना, ती तुमची. पानासारखी नक्षी दिसतेय?”

“दिसतेय, दिसतेय.” काका झेपेल त्याहून जास्त वाकले होते. “अगदी कशिद्यासारखी. हे माझ्या आत होतं? नुसतं वाया गेलं की हो, ब्लाउजवर काढलं असतं.”

“आणि तपकिरी दिसतंय ते प्रथिन.”

काका बघत राहिले. एक डोळा मिटला, मग दुसरा. चष्मा कपाळावर चढवला, परत खाली आणला.

“बाई, माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही आता. सुईत दोरासुद्धा सूनबाई ओवून देते. मला आपलं सगळं निळंच दिसतंय.”

“नसेल हो. जरा सरका बघू.”

डॉक्टरबाईंनी वाकून बघितलं.

कडेची खाच होती. पानाची नक्षी होती. आणि सगळं निळं होतं. निळ्या पेशी, निळे पदर, तपकिरीचा कुठे ठिपका नाही.

त्यांनी काच सरकवून डावीकडे आणली, पुन्हा उजवीकडे आणली. शेजारची दुसरी स्लाइड त्यांनी लावली. तिच्यात काकांचा तुकडा नेहमीसारखा लख्ख तपकिरी. तिसरीतही तसाच. चुकली होती ती नेमकी ही एक काच. हिच्यावर रंग चढलाच नव्हता, आणि जे निळं बघून त्यांनी ‘आढळले नाही’ असं लिहिलं होतं, त्याला काडीचाही अर्थ नव्हता.

उजवीकडे त्यांनी बघितलंच नव्हतं. तो तुकडा इतकी वर्षं न चुकता तपकिरी दिसत आला होता की तो तसाच असणार, हे डोळ्यांनी न बघताच धरून चालायची सवय लागली होती. घरच्या माणसाकडे जसं आपण बघेनासे होतो, तसं झालं होतं.

“रंगारी,” त्या म्हणाल्या, “तो रिपोर्ट दिलात?”

“सरांच्या हातात दिला. का हो?”

त्यांनी ती पहिली काच पुन्हा भिंगाखाली लावली आणि बोट दाखवलं. रंगारीनं मायक्रोस्कोपात डोकावलं आणि त्याचा चेहरा मेणासारखा पांढरा पडला.

“थेंब,” तो पुटपुटला. “मॅडम, शिंक आली म्हणून मी तोंड फिरवलं होतं. परत वळलो तेव्हा... एक काच सोडून पुढच्या काचेवर तपकिरीचा थेंब टाकला असणार. माझं चुकलं.”

“थेंब तुमचा चुकला. बघायचं काम माझं होतं.” डॉक्टरबाई दारापर्यंत पोचल्यासुद्धा होत्या. “काका, बसा तुम्ही. जाऊ नका.”

फोनवर सर सापडेनात, म्हणून त्या जिन्यानंच पळाल्या. नव्या कोटाच्या बाह्यांची घडी अजून मोडली नव्हती. सरांच्या खोलीबाहेर बाकावर एकच बाई बसली होती. रुंद खांदे, आखूड कापलेले केस. अंगातलं जाड जॅकेट त्या खांद्यांवरून घसरत होतं, कारण मधलं अंग उरलंच नव्हतं. हातातली पिशवी तिनं छातीशी घट्ट धरली होती. विचारायची गरजच नव्हती. डॉक्टरबाईंनी तिच्या नजरेला नजर न देता दार लोटलं.

सर रिपोर्टच वाचत होते.

“तो परत द्या मला,” डॉक्टरबाई धापा टाकत म्हणाल्या. “माझी चूक झाली. रंग चढलाच नाहीये, कंट्रोल निळा आहे. मी बघितला नाही.”

सरांनी कागद खाली ठेवला आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. ते रागावतील, असं त्यांना वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

“मी तिला आत बोलावणारच होतो,” सर म्हणाले. “परत कधी मिळेल?”

“उद्या दुपारी.”

“असेल का ते प्रथिन?”

“माहीत नाही सर. खरंच माहीत नाही. नसेलही.”

“मग तिला थांबायला सांगावं लागेल. मी सांगू?”

“नको. मी सांगते.”

रुग्णाशी बोलण्याची वेळ डॉक्टरबाईंवर कधी येत नसे. त्यांची सगळी ओळख काचेपुरती. त्या बाहेर येऊन बाकावर त्या बाईंच्या शेजारी बसल्या. काय म्हणून सुरुवात करावी ते कळेना, तेव्हा त्यांनी सरळ सांगून टाकलं. मी खाली बसते, तुमचा तुकडा मी बघते, आज तपासणीत आमच्याकडून चूक झाली, ती पुन्हा करायची आहे. उद्या यावं लागेल.

पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे चांगलं की वाईट?”

“आत्ता काहीच नाही. उद्या काय ते कळेल.”

“मुलांना मी पाण्यात सोडते ना, तेव्हा सगळी हेच विचारतात. खाली किती खोल आहे.” ती किंचित हसली. “मी त्यांना सांगते, तू आधी माझा हात धर. येते मी उद्या.”

त्या खाली आल्या तेव्हा काका त्याच खुर्चीत, त्याच जागी बसले होते. बिस्किट हातात तसंच होतं. त्यांचा चेहरा बघून डॉक्टरबाईंना एकदम उमगलं, की आपण काहीही न सांगता पळालो.

“बाई,” काका हळूच म्हणाले, “परत आलंय का ते? जे असेल ते सांगा. बहिणीला नाही सांगणार मी लगेच.”

“अहो नाही काका! नाही, नाही.” त्या त्यांच्यासमोर स्टुलावर बसल्या. “तुम्ही ठणठणीत आहात. तुम्हाला काही झालेलं नाही.” आणि मग, कुणाचं ते न सांगता, त्यांनी काय घडलं ते सांगितलं. प्रत्येक रुग्णाच्या तुकड्याशेजारी काकांचा तुकडा असतो. तो रंगला तर खरं, नाहीतर खोटं. आज तो रंगला नव्हता आणि त्यांनी बघितलं नव्हतं. “तुम्ही बघायला मागितलं नसतं तर आज एका माणसाची आशा मी माझ्या सहीनं संपवली असती.”

“मी काय केलं त्यात? मी तर म्हटलं माझे डोळे गेले.”

“आज नाही म्हणत मी, काका. इतकी वर्षं.” “किती लोकांचं खरं-खोटं तुमच्या तुकड्यानं सांगितलंय, त्याची गणतीच नाही. तुम्ही माझे आभार मानायला आलात. उलटं आहे हो ते. कधीपासून उलटं आहे.”

काकांनी मिशीवरून हात फिरवला. हातातला बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला.

“प्रत्येकाच्या शेजारी?” त्यांनी विचारलं.

“पोटाच्या प्रत्येक रुग्णाच्या.”

“आणि मी घरी कुरकुरत बसतो, की आता मला कुणी विचारत नाही.” त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नाक पुसलं, रंगारीची सर्दी त्यांना इतक्यात लागली नसावी. “मग? ते परत रंगवणार ना? आहे ना पुरेसं?”

रंगारीनं फडताळातून मेणाची वीट काढून उजेडात धरली. मधे होतं ते आता नखाएवढं उरलं होतं.

“शेवटच्या दोन-चार चकत्या निघतील,” तो म्हणाला. “अडीअडचणीला ठेवल्या होत्या.”

“अडचण म्हणजे आणखी काय असतं?” काका म्हणाले. “काढा.”

दुसऱ्या दिवशी रंगारीनं नाकातोंडाला फडकं बांधून, श्वास रोखून थेंब टाकले. स्लाइड हातात आली तेव्हा डॉक्टरबाईंनी आधी उजवी कड भिंगाखाली आणली आणि नव्यानं ओळख करून घ्यावी तशी ती नीट बघितली. खाच. पान. आणि तपकिरी, नेहमीचं, उन्हात तापलेल्या मातीसारखं. मग त्यांनी काच सावकाश सरकवली. तांदळाच्या दाण्याएवढे दोन तुकडे डोळ्यांसमोर आले आणि त्यांच्या कडेकडेनं, पेशीमागून पेशी, तोच रंग होता.

“रंगारी,” त्या म्हणाल्या, “इकडे या. तुम्ही पण बघा.”

रंगारीनं बघितलं, आणि फडक्याआडून इतक्या जोरात शिंकला की दोघंही हसत सुटले.

औषध लागू पडायला लागलं. ते सोपं नव्हतं. मधे पोहायला शिकवणाऱ्या बाईंची अवस्था अशीही झाली, की सरांनी दोनदा औषध थांबवलं आणि दोनदा पुन्हा सुरू केलं. पण गाठ आकसत गेली, आणि ती काढण्याएवढी आकसली तेव्हा शस्त्रक्रियावाल्या डॉक्टरांनी ती काढली. त्या गाठीच्या तुकड्यांत आता मरणाची प्रथिनं जिकडे तिकडे जागी झालेली होती. रंगारीनं पहिली चकती रंगवून आणली आणि डॉक्टरबाईंसमोर ठेवली. काकांचं मेण तर केव्हाच संपलं होतं. तेव्हापासून प्रयोगशाळेचं उसन्या तुकड्यांवर कसंबसं चाललं होतं. असा लख्ख रंग डॉक्टरबाईंनी त्यानंतर पहिल्यांदाच बघितला.

तो तुकडा नवा कंट्रोल म्हणून ठेवायची संमती घ्यायला त्या स्वतः वर गेल्या. पूर्वी हे काम त्या कुणाकडे तरी सोपवत. हल्ली आठवड्यातून एकदा तरी त्या काहीतरी निमित्त काढून वर जात, आणि शस्त्रक्रियावाले डॉक्टर त्यावरून त्यांना चिडवत.

पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी पलंगावर उशीला टेकून सगळं ऐकलं. “म्हणजे माझ्या शेजारीपण कुणीतरी होतं?”

“होतं.”

“बाई होती की बाप्या? बरे आहेत ना ते?”

“ते मला सांगता येत नाही.”

“नका सांगू. पण भेटले कधी तर सांगा हं त्यांना,” ती म्हणाली, आणि वाक्य अर्धंच सोडून तिनं हात पुढे केला. संमतीचा कागद घेऊन तिनं सही केली. “कुणाच्याही शेजारी ठेवा मला.”

त्यानंतर तपासण्यांचे दिवस सुरू झाले. एका सकाळी डॉक्टरबाई वर गेल्या तेव्हा सरांच्या खोलीबाहेरचा बाक भरलेला होता. त्यांनी दोन पावलं टाकली आणि त्या थांबल्या. बाकाच्या डाव्या टोकाला ती बसली होती, तेच जाड जॅकेट घालून, आणि तिच्या उजवीकडे, मधे बिस्किटांचा उघडा पुडा ठेवून, शिंपीकाका. दोघांची तपासणी एकाच दिवशी लागली होती, एवढंच. बाकावर जागा तेवढीच होती, म्हणून शेजारी बसले होते.

काकांनी तिच्या बाहीची शिवण चिमटीत धरली होती.

“हे खांद्यावरून उतरतंय, बघवत नाही मला,” ते म्हणत होते. “द्या माझ्याकडे. बगलेत आत घेतो आणि टीप मारतो. तुमची आत तपासणी होईपर्यंत धावदोरा तरी घालून ठेवतो.”

“फार जुनं आहे हो ते. कापून लहानच करून टाका. आता एवढं मोठं काय करायचंय?”

“कापायचं?” काकांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिनं भलतंसलतं काही मागितलंय. “छे. कापायचं नाही. आत दुमडून ठेवायचं. उद्या तुम्ही परत पाण्यात उतराल, खांदे भरतील, तेव्हा काय घालाल? नुसतं उसवलं की झालं.”

“इतकं नक्की सांगता?”

डॉक्टरबाई कोटाच्या खिशात हात घालून उभ्या होत्या. पुढे व्हावं असं त्यांना फार वाटलं. जे बोलायचं होतं ते ओठांपर्यंत आलंही होतं. त्या तिथेच उभ्या राहिल्या.

काकांनी पुड्यातून एक बिस्किट उचलून तिच्या हातात दिलं. मग जरा बाजूला वळून त्यांनी आपल्या पँटच्या कमरेवरची, उसवलेल्या टिपेची ती जुनी रेघ बोटानं दाखवली.

“हे बघा,” ते म्हणाले.